सतरा नंबरचा कप्पा

आमच्या बेसबॉल टीमचा पहिला कार्डसंच अठरा कार्डांचा होता. माझ्याकडे त्यातली सतरा आहेत. कार्डांच्या अल्बममध्ये प्लास्टिकच्या एका पानाला नऊ कप्पे असतात, तीन ओळी आणि ओळीत तीन. म्हणजे अठरा कार्डांना बरोबर दोन पानं लागतात. पहिलं पान भरलेलं आहे. दुसऱ्या पानाच्या सगळ्यात खालच्या ओळीतला मधला कप्पा रिकामा आहे. तो सतरा नंबरचा.

ज्यांना असलं वेड नाही त्यांना यात काय बिघडलं ते कळत नाही. माझ्या मुलीला कळत नाही. "आई, इट्स जस्ट कार्डबोर्ड," असं ती आठवीत असताना म्हणाली होती, आता युनिला जाते तरी तेच म्हणते. नवऱ्याला फक्त गॅरेजचं दुःख आहे. तिथे माझी एक तुटलेली बॅट आहे, खेळाडूंच्या सह्यांच्या अकरा टोप्या आहेत, मान हलवणाऱ्या बाहुल्यांचं एक कपाट आहे आणि मैदानावरून काढून टाकलेला खराखुरा सेकंड बेस, म्हणजे धावताना पाय टेकायची चौकोनी उशी, आहे. त्यामुळे त्याची गाडी बाहेर उन्हात उभी राहते. तो क्रिकेटवाला. सिडनीत येऊन बायको बेसबॉलची झाली हे त्याने मित्रांना बराच काळ सांगितलंच नव्हतं.

मी बेसबॉलची झाले त्याला फार मोठं कारण नाही. आमच्या क्वेकर्स हिलच्या घरापासून दहा मिनिटांवर मैदान आहे. बारा वर्षांपूर्वी मुलीच्या शाळेतून एका मॅचचे दोन पास आले. गेलो. क्रिकेट बघताना आमच्या घरातल्या आणि बाहेरच्या प्रत्येक पुरुषाला मला काहीतरी समजावून सांगायचं असतं. इथे ओळखीचा एकही माणूस नव्हता आणि कुणालाच मला काही समजावायचं नव्हतं. मी तीन तास गप्प बसून खेळ पाहिला, घरी येऊन नियम वाचले आणि पुढच्या शनिवारी परत गेले. झालं.

त्या उन्हाळ्यात टीमने कार्डं काढली होती. घरच्या मैदानावरच्या प्रत्येक मॅचला एका खेळाडूचं कार्ड, फाटकातून येणाऱ्या पहिल्या शंभर जणांना फुकट. कार्डं साधीच होती. पुढे फोटो, मागे खेळाडूची माहिती आणि जवळच्या एका बेकरीची जाहिरात. चकचकीत कागदसुद्धा नव्हता. उरलेली कार्डं म्हणे त्याच संध्याकाळी कचऱ्यात जायची. मी दर वेळी पाऊण तास आधी फाटकात उभी. एक ते सोळा माझ्या हातात पडली, अठरावंही पडलं.

सतराव्या मॅचच्या दिवशी मी पुऱ्या लाटत होते.

आमच्यापासून चार रस्ते पलीकडे एका मराठी जोडप्याने घर घेतलं होतं आणि त्या दिवशी त्यांची वास्तुशांत होती. त्यातल्या बायकोशी माझी ओळख मंडळाच्या गणपतीतली, तीही आरतीची थाळी पुढे करण्यापुरती. आदल्या रात्री तिचा फोन आला.

"अगं, पाच सवाष्णी हव्यात आणि माझ्या चारच होतायत. एकीला ऐन वेळी शिफ्ट लागली. तू येशील ना? प्लीज नाही म्हणू नकोस."

सवाष्ण म्हणून बोलावल्यावर नाही म्हणायची माझ्या आईने सवय लावली नव्हती. गेले. जेवायला गेलेली सवाष्ण स्वयंपाकघरात माणसं कमी पडताहेत म्हणून पदर खोचून पुऱ्या लाटायला बसली. निघताना तिने माझी ओटी भरली. मला एक ब्लाउजपीस आणि नारळ मिळाला. कार्ड नाही मिळालं.

ती पुढे माझी जवळची मैत्रीण झाली. ते चांगलंच झालं, मी नाकारत नाही. पण सतरा नंबरचं कार्ड माझ्याकडे का नाही, याचं उत्तर तिचं घर हे आहे.

सतरा नंबरचा खेळाडू आमचा डावखुरा पिचर होता. अडतीस वर्षांचा, आठवडाभर प्लंबिंगची कामं करायचा आणि शनिवारी येऊन चेंडू टाकायचा. वेग बेताचाच होता, पण चेंडू शेवटच्या क्षणी असा खाली पडायचा की समोरचा विशीतला फलंदाज हवेत बॅट फिरवून स्वतःभोवती गिरकी घ्यायचा. मग आमचा प्लंबर हसायचासुद्धा नाही, गवताला हात पुसायचा आणि पुढचा चेंडू मागायचा. मला हा माणूस पटला होता. तो त्या हंगामानंतर थांबला. त्याचं कार्ड पुन्हा निघालंच नाही. मी इंटरनेटवर किती वेळा शोधलं ते सांगत नाही.

ते कार्ड कुणाकडे आहे हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.

होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या मागे, चौथ्या रांगेत एक म्हातारा बसतो. निवृत्त बसड्रायव्हर. दर मॅचला सगळ्यात आधी येतो, गुडघ्यावर स्कोअरबुक ठेवून प्रत्येक चेंडू पेन्सिलीने लिहितो. मी त्याच्या शेजारची जागा धरली, कारण मीही स्कोअर लिहायला शिकत होते. त्याच्याकडे टीमच्या प्रत्येक हंगामाचं प्रत्येक कार्ड आहे आणि त्या पहिल्या हंगामातलं प्रत्येक कार्ड दोन-दोन आहे, कारण तेव्हा त्याची बायको हयात होती आणि दोघं फाटकातून वेगवेगळी आत यायची.

"मग सतरा नंबरसुद्धा दोन?" मी विचारलं.

"दोन, मेट."

"एक मला द्या. बदल्यात काय हवं ते सांगा."

त्याने खरोखर विचार केला. पेन्सिल कानामागे ठेवून डोळे मिटून त्याने बहुतेक घरातली सगळी कपाटं मनातल्या मनात पाहिली. मग म्हणाला, "नाह्, मेट. तुझ्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही, असं काहीच नाही."

हा त्याचा नियम. अदलाबदल करायची तर आपल्याकडे नसलेल्या वस्तूशी. आणि त्याच्याकडे नसलेलं काही नव्हतंच. मला नियम समजतात, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मी रागावले नाही. पण दर नोव्हेंबरला, हंगामाच्या पहिल्या मॅचला, बसायच्या आधी विचारायची, "सतरा?" आणि तो म्हणायचा, "नाह्, मेट." आमची ती गुड आफ्टरनून झाली होती.

तीन उन्हाळ्यांपूर्वी मैत्रिणीचा मुलगा शिकायला मेलबर्नला गेला आणि तिला शनिवार खायला उठायला लागले.

"तू त्या बेसबॉलला जातेस ना, मी पण येते," ती म्हणाली.

"तुला कंटाळा येईल."

"आला तर आला. घरी तरी काय उजेड पाडतेय?"

ती मोठ्ठी हॅट घालून आली. पिशवीत थर्मास, सनस्क्रीन आणि चकल्यांचा डबा. पहिल्याच मॅचला तिने मला विचारलं, "यात आपले कुठले?" दुसऱ्या मॅचला तिने माझ्या पलीकडे वाकून म्हाताऱ्यासमोर डबा धरला. तिसऱ्या मॅचला मी तिकीट दाखवून आत येईपर्यंत ती माझ्या आधी पोचलेली होती आणि म्हातारा तिला गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगत होता. मी त्याच्या शेजारी सात वर्षं बसत होते. त्याला गुडघ्याचा त्रास आहे हे मला माहीत नव्हतं.

"तुमचे गुडघे दुखतात?" मी बसताना त्याला विचारलं.

"वर्षानुवर्षं, मेट," तो म्हणाला आणि मान वळवून तिला म्हणाला, "तर मग लव्ह, सर्जन मला काय म्हणतो..."

तिला लव्ह. तिसऱ्या मॅचला.

लहान गोष्ट आहे, मला मान्य आहे. इथे दुकानातली बाईसुद्धा लव्ह म्हणते. पण मला तो मेट म्हणायचा, बसमधल्या कुठल्याही गड्याला म्हणावं तसं.

मी तिला स्कोअर लिहायला शिकवलं. चौकोनी खाने असतात, त्यात खेळाडू कुठवर पोचला त्याची रेघ काढायची. चार इनिंगनंतर पाहिलं तर तिने रिकाम्या खान्यांत ठिपक्यांची रांगोळी काढली होती. मी काही बोलणार तेवढ्यात म्हाताऱ्याने तिची वही मागितली, चष्मा वर करून पाहिली आणि त्याच्या पलीकडच्याला दाखवली. माझ्या वहीत सात वर्षांत एक चूक नाही. ती त्याने कधी कुणाला दाखवली नाही.

मग गेल्या हंगामाची शेवटची मॅच. आम्ही हरलो. लोक उठायला लागले होते. मी नेहमीप्रमाणे मधे बसले होते, डाव्या हाताला तो, उजव्या हाताला ती. त्याने शर्टाच्या खिशातून काहीतरी काढलं आणि हात लांब करून माझ्या समोरून तिच्याकडे दिलं. अक्षरशः माझ्या नाकासमोरून गेलं. मला आधी कागदाचा कोपरा दिसला, मग आमच्या टीमचा जुना निळा रंग, मग डावखुरा प्लंबर.

"घे, लव्ह," तो म्हणाला. "एवढ्या चकल्या खाल्ल्या तुझ्या."

"अय्या! मला?" ती म्हणाली. "हाऊ स्वीट! हे कोण?"

हे कोण!

तिने ते पर्समध्ये टाकलं. टिश्यूचं पाकीट, किल्ल्या आणि लिपस्टिक यांच्यात. माझा हात आपोआप पुढे गेला. माझ्या बॅगेत कायम कार्डांसाठीची दोन कडक प्लास्टिकची पाकिटं असतात. एक काढलं, तिच्या पर्समधून कार्ड उचललं, आत सरकवलं आणि तिला परत दिलं. ते कार्ड माझ्या हातात किती वेळ होतं? दहा सेकंद असेल.

पार्किंगमध्ये तिने विचारलं, "अगं, तुला हवंय का हे? तुझ्याकडे बहुतेक नाहीये ना?"

"छे, नको," मी म्हणाले. "त्याने तुला दिलंय."

आता, आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणतात. घरी आलेल्याला चहा विचारला की तो नको म्हणतो, आपण पुन्हा विचारतो, तो थोडासाच म्हणतो, आणि मग कपभर पितो. हे मला तिने शिकवावं किंवा मी तिला, असं काही नाही. पुण्यात वाढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. ती मुंबईची आहे आणि पंचवीस वर्षं इथे काढलेली. ती म्हणाली, "बरं," आणि गाडीत बसली.

दुसऱ्यांदा विचारलंच नाही.

हिवाळ्यात बेसबॉल नसतो. ते सहा-सात महिने मी तिच्याकडे नेहमीपेक्षा जास्त वेळा गेले, त्याचं कारण ते कार्ड होतं. तिने ते हॉलमधल्या फळीवर गणपतीला टेकवून ठेवलं होतं. दुपारी तीन ते चार तिथे थेट ऊन यायचं. मी एकदा म्हणाले, "उन्हाने रंग उडतो." ती म्हणाली, "हो का?" आणि गणपती सावलीत सरकवला. कार्ड तिथेच भिंतीला टेकून राहिलं.

नवरा म्हणाला, "सरळ माग ना. ती देईल."

"मागून घ्यायचं असतं तर मार्चमध्येच हो म्हटलं असतं."

"मग हो का नाही म्हणालीस?"

"तिने परत विचारलं नाही."

तो गाडी धुवायला गेला.

खरं सांगायचं तर तोपर्यंत प्रश्न कार्डाचा राहिला नव्हता. मी कार्ड मिळवायला नऊ वर्षं नियमाने मागितलं. तिने काहीच केलं नाही आणि तिला मिळालं. तिचं सगळंच तसं आहे. तिच्या डब्यातल्या चकल्या मोडत नाहीत. तिच्याकडे पाहुणे उशिरापर्यंत बसतात. माझ्याकडे येतात ते कामापुरते, आणि काम झालं की "चला, तुला उशीर होत असेल" म्हणून उठतात. मला कधी उशीर होत नसतो.

ऑक्टोबरात नवरात्र आलं. इथे सण मधल्या वारी आला की आम्ही तो जवळच्या शनिवार-रविवारी ढकलतो. तेव्हा शनिवारी खंडेनवमी आणि रविवारी दसरा. खंडेनवमीला पूर्वी शस्त्रं पुजत, आता ज्याने पोट भरतं ते पुजतात. तिच्याकडे दर वर्षी चारपाच घरं जमतात आणि जो तो आपापलं हत्यार घेऊन येतो.

"तुझं पण काहीतरी आण," तिने फोनवर सांगितलं. मी स्कोअरबुक आणि पेन्सिल नेली.

पाटावर लाल कापड. त्यावर तीन लॅपटॉप, तिच्या नवऱ्याचं ड्रिल मशीन, तिचं शिवणाचं मशीन, गाड्यांच्या किल्ल्या, कुणाचा तरी स्टेथोस्कोप. आणि मधोमध, फुलांच्या वर, डावखुरा प्लंबर. कडक पाकिटाशिवाय.

"त्याचं कव्हर कुठे गेलं?" मी विचारलं.

"काढलं. देवासमोर प्लास्टिकमध्ये कशाला?" ती म्हणाली. मग तिने ताम्हण माझ्या हातात दिलं. "या वर्षी तू लाव हळदकुंकू. मी आरतीचं बघते. लॅपटॉपला कोरडं लाव हं, गेल्या वर्षी ह्याच्या ऑफिसवाल्यांनी विचारलं होतं, कीबोर्डवर केचप सांडलं का!"

सगळे हसले. मी सुरू केलं. लॅपटॉपला कोरडं, वरच्या वर. ड्रिलला ओलं, शिवणाच्या मशीनला ओलं, किल्ल्यांना ओलं. पाण्यात कालवलेलं कुंकू, अनामिकेवर घ्यायचं आणि टेकवायचं. मग कार्डापाशी आले.

कुठला रंग कशावर चढतो आणि कशावरून निघत नाही, हे बघण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. तो कागद चकचकीत नव्हता. त्यावर ओलं बोट टेकलं तर रंग आत उतरणार, कागद फुगणार, सुकला की सुरकुतणार. जमवणाऱ्याच्या लेखी ते कार्ड त्या क्षणी संपणार. "कार्डाला कोरडंच लावूया" एवढं म्हणायचं होतं. तिने लॅपटॉपबद्दल म्हटलं होतं तसंच. कुणालाही त्यात काही वाटलं नसतं.

मी थांबले. चार-पाच सेकंद थांबले असेन. मग बोट वाटीत बुडवलं, चांगलं बुडवलं, आणि प्लंबरच्या टोपीखाली, बरोबर कपाळावर टेकवलं. एक थेंब नाकापर्यंत ओघळला.

"अगदी नवरदेव दिसतोय गं!" ती मागून म्हणाली.

मी पुढे स्टेथोस्कोपकडे गेले. मला वाईट वाटलं का? तेव्हा नाही. तेव्हा मला खूप दिवसांनी हलकं वाटलं. नंतर जेवलेही व्यवस्थित.

रविवारी संध्याकाळी ती आमच्या दारात. आपटा इथे मिळत नाही. शेजारच्या रस्त्यावर कांचनाचं झाड आहे, त्याची पानं तशीच दोन पाळ्यांची असतात, ती आम्ही आपट्याची म्हणून वाटतो. तिच्या एका हातात ती पानं होती आणि दुसऱ्या हातात ते कार्ड, परत माझ्या कडक पाकिटात घातलेलं.

"सोनं घे," ती म्हणाली, आणि पानाखाली धरून कार्ड माझ्या हातात दिलं. "आणि हे तुझं खरं सोनं. तू तेव्हा नको म्हणालीस ना, तेव्हाच ठरवलं, दसऱ्याला द्यायचं. सोन्याला कुणी नाही म्हणत नाही. म्हणून तर पूजेत ठेवलं. म्हटलं, पूजा करून देऊ."

मी दारात उभी होते. हातात उलथनं होतं, कारण आत भजी तळत होते. कार्ड मध्ये फुगलं होतं आणि कडा आत वळल्या होत्या. कपाळाचा लाल रंग डोळ्यांपर्यंत पसरला होता.

"भिजलं जरा," ती म्हणाली. "पण कुंकूच ना. उलट बरं. तुझ्याच हातचं आहे."

मी थँक्यू म्हणाले. मराठीत आम्ही एकमेकींना थँक्यू म्हणत नाही. तिला ते जरा चमत्कारिक वाटलेलं दिसलं. भजी करपली.

त्या आठवड्यात मी अल्बम काढून कार्ड सतरा नंबरच्या कप्प्यात सरकवलं. फुगल्यामुळे ते सहज जाईना, पट्टीने ढकलावं लागलं. अठरा झाली. मी पान लांब धरून पाहिलं. सतरा खेळाडू निळे आणि एक लाल. नजर कुठेही टाकली तरी तिथेच जाणार. आणि एवढं असूनही, मी तिथे बसून मला कार्ड मिळालं याचा विचार करत नव्हते. तिने सात महिने ते माझ्यासाठी राखून ठेवलं आणि एकदाही बोलून दाखवलं नाही, हे मला जमलं नसतं, याचा करत होते. त्याचाही मला हेवाच वाटला. कशाकशाचा वाटावा माणसाला!

नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला. पहिल्या मॅचला मी अल्बम घेऊन गेले. न्यायला नको होता, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला म्हाताऱ्याला "सतरा?" विचारायचं नव्हतं, आणि ते त्याला कळावं अशी माझी इच्छा होती. तिसऱ्या इनिंगमध्ये आमची बॅटिंग यायच्या आधी मी तो त्याच्या गुडघ्यावर उघडून ठेवला. ती माझ्या उजव्या हाताला चकल्यांचा डबा उघडत होती.

त्याने पहिलं पान पाहिलं, मान हलवली. दुसरं पान. बोट सरळ खालच्या ओळीत गेलं.

"याला काय झालं, मेट?"

मी काही म्हणायच्या आत ती वाकून म्हणाली, "ते आमचं ब्लेसिंग आहे. आम्ही टूल्सची पूजा करतो ना, तेव्हाचं. हिनेच लावलं."

"ओलं?" त्याने विचारलं.

"हो."

"हिने लावलं?"

"हो, हिने स्वतः."

त्याने चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. बाहेरगावच्या टीमचा कुणीतरी मैदानावर सराव करत होता, ग्लव्हमध्ये चेंडू पडल्याचा आवाज येत होता. त्याने माझा अल्बम हळूच मिटला. "तुला हे कळतं, मेट," तो म्हणाला. एवढंच. आणि पेन्सिलीला टोक करायला लागला.

ती माझ्याकडे वळली. मराठीत म्हणाली, "काय म्हणतोय तो? काय कळतं?"

खोटं बोलता आलं असतं. पण मी उगाच शब्द घोळवणारी बाई नाही. "ओल्या कुंकवाने कार्ड खराब होणार हे मला माहीत होतं," मी म्हणाले. "तरी लावलं."

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम."

"का?"

"कारण त्याने तुला दिलं."

तिने डब्याचं झाकण लावलं. एका बाजूने लागलं नाही, तेव्हा परत दाबलं.

"तू थांबली होतीस तेव्हा," ती म्हणाली. "मी बघत होते. लावायच्या आधी अशी थांबलीस. मला वाटलं, तू देवाला काहीतरी म्हणत्येस."

आमची बॅटिंग सुरू झाली. आमच्या पहिल्या फलंदाजाने चेंडू हवेत मारला आणि तो झेलला गेला. मी सवयीने वहीत लिहिलं. दुसराही बाद झाला. ती म्हणाली, "परत दे ते."

"काय?"

"माझं कार्ड. परत दे."

"ते आता काही कामाचं नाही."

"मी कामाचं आहे म्हणून मागत नाहीये."

मी तिच्याकडे पाहिलं. ती रागावल्यावर कशी दिसते ते मला माहीत नव्हतं, इतक्या वर्षांत ती वेळ आली नव्हती. फार काही वेगळी दिसत नाही. मी अल्बम उघडला आणि कप्प्यातून कार्ड काढायला लागले. ते अडकलं होतं. दोन बोटं घालून ओढावं लागलं, एक कोपरा दुमडला. बॅगेतून कडक पाकीट काढून मी पुढे केलं.

"राहू दे," ती म्हणाली. तिने नुसतंच घेतलं आणि पर्समध्ये टाकलं. मग उठली, माझ्या गुडघ्यांसमोरून पलीकडे गेली आणि म्हाताऱ्याच्या डाव्या हाताला बसली. डबा उघडून त्याच्यापुढे धरला.

"ता, लव्ह," त्याने चकली घेत आभार मानले.

आमचं बोलणं बंद झालं नाही. लोकांना वाटतं अशाने बोलणं बंद होतं. आमच्या घरांमध्ये चार रस्ते आहेत, दोघींकडे एकमेकींच्या घरांच्या किल्ल्या आहेत, माझा नवरा आणि तिचा नवरा ऑफिसला एका गाडीने जातात. ती मॅचला येते. डावीकडे बसते. मी उजवीकडे. म्हातारा मधे बसून दोघींशी बोलतो, तिच्याशी जास्त. मी तिला सॉरी म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "बरं." तेही एकदाच म्हटलं. मी दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

या जानेवारीत तिच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मलाही बोलावणं होतं. हॉलमध्ये पंधरा बायका, एकीचं दुसरीला ऐकू येत नव्हतं. तिने मला आतून दूध आणायला पाठवलं.

कार्ड फ्रिजच्या दारावर होतं. पाकीट नाही, काही नाही. वर पत्रपेटीत फुकट येतो तसला चुंबक दाबलेला, कुठल्यातरी दुसऱ्याच प्लंबरच्या जाहिरातीचा. एका बाजूला कचऱ्याचे डबे कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचे त्याचा तक्ता, दुसऱ्या बाजूला तिच्या मुलाचा मेलबर्नचा पत्ता. शेगडीची वाफ तिथपर्यंत येते. कागद पिवळा पडायला लागला होता, खालचा कोपरा मी दुमडला तसाच होता. दार उघडलं की चुंबक सरकत असणार, कारण प्लंबर एका बाजूला कलला होता आणि कपाळावरचा डाग अजून लालच होता.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. माझी बॅग खांद्यावर होती आणि बॅगेत नेहमीची दोन कडक पाकिटं होती.

"अगं, दूध सापडलं का?" तिने बाहेरून हाक मारली.

"सापडलं," मी म्हणाले.

मी चुंबक उचलला, कार्ड सरळ केलं, चुंबक परत लावला, यावेळी जरा घट्ट. मग दार उघडून दूध काढलं.